एका दिवसात दोनच म्युझियम, तीसुद्धा जमली तर

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलो होतो तेव्हा मी चक्क एक्सेल शीट बनवली होती. हसू नका, खरंच बनवली होती, वेळेसकट. सकाळी दहा ते बारा काळा घोडा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी वीस मिनिटं, मग टॅक्सीने भायखळा, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तिथंच राणीच्या बागेत पेंग्विन, आणि अंगात जीव उरलाच तर वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. नवरा शीट बघून एवढंच म्हणाला, यात सू-शीचा कॉलम कुठंय? मला तेव्हा राग आला होता.

तर झालं काय, पहिल्याच ठिकाणी आम्ही गळपटलो. मला ती इमारत फार आवडते, जॉर्ज विटेटने बांधलेली, १९१४ ला तयार झाली आणि पहिल्या महायुद्धात तिचं लष्करी हॉस्पिटल केलं, लोकांसाठी म्युझियम म्हणून उघडायला १९२२ उजाडलं. हे सगळं मी मुलांना घुमटाखाली उभं राहून सांगत होते आणि थोरला (वय वर्षं आठ) विचारत होता की पेशंटना लिफ्ट होती का, आणि धाकटी (चार) माझ्या ओढणीला लोंबकळत होती. मी प्रत्येक पाटी वाचणारी बाई आहे. तीस रुपयांचं तिकीट असो नाहीतर तीनशेचं, पैसे वसूल व्हायला पाहिजेत असं डोक्यात असतं आपल्या. दीड तासाने धाकटी जमिनीवर आडवी झाली. अक्षरशः आडवी, पालथी, गाल फरशीला लावून, कारण फरशी गार होती. घरी आल्यावर काय काय बघितलं विचारलं तर उत्तर मिळालं, गेंडा आणि सँडविच.

आणि टॅक्सीत बसल्यावर कळलं की तो बुधवार आहे आणि बुधवारी भाऊ दाजी लाड बंद असतं, राणीची बागही बंद. एक्सेल शीटमध्ये वाराचा कॉलमही नव्हता. वर कडी म्हणजे घरी पोचल्यावर एका मैत्रिणीने विचारलं, मग चिल्ड्रन्स म्युझियम कसं वाटलं? कुठलं चिल्ड्रन्स म्युझियम? अगं शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्याच आवारात आहे की, २०१९ ला सुरू झालंय, ते मोठं गोरखचिंचेचं झाड आहे ना तिथंच. म्हणजे खास मुलांसाठी केलेली जागा पन्नास पावलांवर सोडून मी मुलांना मोठ्यांच्या दालनांतून फरफटवत होते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की यंदा मे महिन्यात परत प्लॅन करायचा म्हटल्यावर घरात कोणीच उत्साहाने हो म्हणालं नाही. थोरला म्हणाला, चालायचं किती आहे ते आधी सांग. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी, मला काय कळतं त्यातलं. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

या वेळी मी ठरवलं होतं की पुण्यातच जायचं, आम्ही चिंचवडला राहतो, आणि दिवसाला दोनच ठिकाणं, त्यातलं एक बघायचं आणि एक नुसतं मजेचं. बघायचं म्हणजे राजा दिनकर केळकर संग्रहालय, बाजीराव रोडवरचं, आणि मजेचं म्हणजे कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम. क्रम पण ठरलेला, बघायचं सकाळी आणि मजेचं दुपारी, कारण मुलांचं डोकं सकाळी ताजं असतं आणि पाय दुपारी गळतात. उलटं केलं असतं तर रेल्वे बघून आल्यावर अडकित्त्यांकडे कोण बघणार होतं?

वार बघितला (मंगळवार), दोन्हीकडे फोन केले. हे मी आता सगळ्यांना सांगते, नेटवरच्या वेळांवर जाऊ नका, फोन करा. कोणाची सुट्टी सोमवारी, कोणाची बुधवारी, कोणाचं जेवायच्या वेळी बंद, आणि रेल्वेचा तर शो असतो, आपण गेलो आणि सुरू झाला असं नसतं ते, म्हणून दुपारची वेळ विचारून घेतली. फोनवर अजून दोन प्रश्न विचारायचे, वॉशरूम कुठल्या मजल्यावर आहे आणि जिने किती आहेत. केळकर म्युझियम तीन मजली आहे त्यामुळे बाबागाडी घरीच ठेवली, धाकटीला झोप आलीच तर नवऱ्याचा खांदा.

अजून एक गोष्ट केली ती म्हणजे शोधायची यादी. पाट्या वाचून दाखवायच्या नाहीत अशी मी स्वतःला शप्पथ घातली होती, म्हणून एका वहीच्या पानावर प्रत्येकाला पाच पाच गोष्टी दिल्या. थोरल्याला लिहून, धाकटीला चित्र काढून. माझी चित्रकला म्हणजे मोर आणि कोंबडीत फरक करता येत नाही पण चाललं. थोरल्याच्या यादीत होतं, घोडा असलेला अडकित्ता, दौत, प्राण्यासारखं कुलूप, गोल पत्ते, आणि असं एक वाद्य ज्याचं नाव तुला माहीत नाही. धाकटीला मोर, हत्ती, बाहुली, दिवा, दार. पेन घेतलं नाही, पेन्सिली घेतल्या, त्यासुद्धा टोक काढलेल्या चार, कारण एक मोडते, एक हरवते आणि एकीवरून भांडण होतं.

सासूबाईंना शेवटी नवऱ्यानेच पटवलं. आई, मेट्रोने जायचंय, नदीखालून जाते. झालं, त्या तयार.

पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रो थेट मंडईला जाते आता, सप्टेंबर २०२४ मध्ये तो स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून शहरात गाडी घेऊन जायचं आणि पार्किंग शोधत जन्म घालवायचा हे आमच्यापुरतं तरी संपलं. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन जवळजवळ ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक, आणि तिथून पुढे गाडी मुठेच्या खालून जाते. थोरल्याने जाहीर केलं की आत्ता आपल्या डोक्यावर नदी आहे. धाकटीने वर बघितलं आणि हात पुढे करून तळवा उलटा केला, पाऊस पडतोय का बघतात तसा. समोरच्या सीटवरचे एक काका इतके हसले की त्यांचं स्टेशन जाता जाता राहिलं.

मंडईला उतरून चालत दहाएक मिनिटं. जाताना आधीच खाऊन घेतलं, आत खाता येत नाही आणि भुकेलेल्या मुलाला पेशवाई दाखवण्यात काही अर्थ नसतो. दहाला उघडतं, आम्ही सव्वादहाला आत.

केळकर म्युझियम मी लहानपणी शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलं होतं, दोनच्या रांगेत, बाई पुढे आणि शिपाई मागे, काहीही आठवत नव्हतं. थोरल्याच्या डोक्यात मात्र पक्कं होतं की हा राजाचा महाल असणार. नावातच राजा आहे ना. तलवारी कुठं आहेत, सिंहासन कुठंय असं सुरू झालं त्याचं.

मी म्हटलं, राजा हे नाव आहे. दिनकर केळकर म्हणून एक गृहस्थ होते, लोक त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या मुलाचं नाव राजा.

“मग राजाने हे सगळं आणलं?”

“नाही, बाबांनी आणलं. राजा लहानपणीच वारला. त्याची आठवण म्हणून त्याचं नाव दिलंय.”

आता हे सांगावं की नको हा प्रश्न माझ्यापुढे होता, एक सेकंदभर. एकुलता एक मुलगा होता तो, सात वर्षांचा असताना गेला. मी वय सांगितलं नाही. पण आमचं पोरगं हुशार, त्याने विचारलंच, लहानपणी म्हणजे किती? मी म्हटलं, सात. तो काही बोलला नाही. त्याच्या यादीचं पान त्याने दोनदा दुमडलं आणि परत उघडलं. मग म्हणाला, मी आठचा आहे. बास. पुढचा अर्धा तास तो दर वस्तूपाशी थांबत होता, नेहमीसारखा पळत नव्हता. त्यामागे काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर त्या माणसाचं मला आता मोठेपणी जास्त आश्चर्य वाटलं. १९२० च्या सुमाराला सुरुवात केली, आणि जमवलं काय तर दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे, किसण्या, शेवयांचे साचे. म्हणजे राजेरजवाड्यांचं जडजवाहीर जमवणारे पुष्कळ असतात, पण लोकांच्या माजघरातल्या आणि न्हाणीघरातल्या वस्तू मागत कोण फिरतं? ते कवीही होते, अज्ञातवासी नावाने कविता लिहायचे. पुढे हा सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या साधारण अडीच हजार. थोरल्याचा प्रश्न अर्थातच, मग बाकीच्या कुठं आहेत? मी म्हटलं कपाटात. “म्हणजे आपल्या माळ्यासारखं?” हो, माळ्यासारखंच.

यादी मस्त चालली. घोड्याचा अडकित्ता सापडला, आणि मग नुसता घोडा नाही तर पोपट, आणि नवरा-बायको. इथं आमची गाडी अडली कारण मुलांना अडकित्ता म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी समजावायला लागले की सुपारी कातरायची असते वगैरे, आणि मागून सासूबाई म्हणाल्या, “अगं असं सांगून कळतंय का त्यांना? हे बघ रे.” आणि त्यांनी हवेत डाव्या हाताच्या चिमटीत सुपारी धरली आणि उजव्या हाताने कातरून दाखवली. हवेत. कट कट आवाजासकट. बारीक कातरण वेगळी, खांड वेगळं. बोट कुठं ठेवायचं नाही ते दाखवलं. त्यांच्या सासूबाईंचं म्हणे एकदा नख गेलं होतं बोलता बोलता.

त्यानंतर माझी नोकरी गेली. गाइड म्हणून मला कोणी विचारेना. “आजी हे काय आहे, आजी हे कशासाठी.” ज्या बाई सकाळी मला काय कळतं त्यातलं म्हणत होत्या त्या पुढे आणि आम्ही सगळे मागे. लामणदिवा कुठं टांगायचा, त्याची वात दोन बोटांनी कशी वळायची (मांडीवर, तळव्याखाली, हेही करून दाखवलं, साडीवर), समईत तेल किती घालायचं म्हणजे काजळी धरत नाही. शेवयांच्या साच्यासमोर तर पाच मिनिटं, पाट शेवया वेगळ्या, हाताच्या वेगळ्या, साच्याच्या वेगळ्या आणि ज्या तुम्ही पाकिटातल्या खाता त्याला शेवया म्हणू नये. दौत बघून म्हणाल्या, आमच्या शाळेत बोरू होता, शाईची पूड मिळायची, पाण्यात कालवायची, आणि शाई सांडली की मार. थोरल्याने लगेच पेन्सिल काढून दौतीचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, सांडली की मार.

मग वज्री. ही वस्तू मलाही माहीत नव्हती, म्हणजे शब्द ऐकला होता पण डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. पितळेची असते, वरून मोर नाहीतर असलं काही सुबक नक्षीचं, आणि खालून खरबरीत. पायाची टाच घासायला. अंघोळीच्या वेळची. एक टाच घासायची वस्तू, तिच्यावर एवढी कलाकुसर कोणी का करावी? आपण प्लास्टिकचा ब्रश वापरतो, तो बुरसटला की फेकून देतो. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. बोलल्या नाहीत आधी. मग म्हणाल्या, “ही आमच्याकडं होती गं. मोराचीच. सासूबाईंची. न्हाणीत कोनाड्यात असायची.” आमच्याकडं म्हणजे गावी, वाईजवळ. “अशीच. मान जरा इकडं होती मोराची.” धाकटीने तिच्या यादीवरच्या मोरापुढे (कोंबडीपुढे) बरोबरची खूण केली. तिला वाटलं आजी तिच्यासाठीच शोधत होती.

मस्तानी महालाचं दालन आहे एक, बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या वाड्याचे अवशेष आणून इथं परत उभा केलाय. थोरल्याचं म्हणणं, कोथरूडचा महाल इथं आणला आणि आपण इथून कोथरूडला चाललोय, म्हणजे आपण त्याच्या उलट्या दिशेने जाणार. या मुद्द्यात काही दम नव्हता पण त्याला तो फार मोठा शोध वाटला, मेट्रोत परत दोनदा सांगितला.

वाद्यांच्या दालनात नाव माहीत नसलेलं वाद्य शोधायला सांगणं ही माझी चूक होती, कारण त्याला एकाही वाद्याचं नाव माहीत नव्हतं. सगळ्यांवर खुणा. असो.

आणि मग बाहुल्यांपाशी धाकटी बसली. कठपुतळ्या, चामड्याच्या बाहुल्या, ती खाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, आता सुरू करा. तिला वाटलं शो आहे. सांगून ऐकेना. शेवटी नवऱ्याने हळू आवाजात दोन बाहुल्यांचं भांडण लावून दिलं, एक म्हणते मला भूक लागली, दुसरी म्हणते आधी सू कर, आणि तेवढ्यात तिला खरोखरच आठवलं. वरच्या मजल्यावरून तिला काखोटीला मारून तो ज्या वेगाने जिना उतरला तो बघून एक परदेशी जोडपं भिंतीला चिकटून उभं राहिलं. वॉशरूम कुठाय हे फोनवर आधीच विचारलेलं होतं म्हणून निभावलं.

एकूण सव्वा तास झाला होता. अजून बघायचं राहिलं होतं, दाराच्या चौकटींकडे तर मी धड बघितलंही नाही, ती कोरीव दारं मला फार बघायची होती. पण मी निघूया म्हटलं. मुंबईच्या फरशीवरचा तो गाल आठवला. मुलं दमलीत असं दिसायला लागल्यावर निघायचं नसतं, त्याच्या दहा मिनिटं आधी निघायचं असतं, आणि हे दहा मिनिटं आधी म्हणजे नेमकं कधी ते ओळखता यायला मला आठ वर्षं लागली.

मधे तुळशीबाग. हा प्लॅनचा भाग होता, म्युझियमच्या आत काही विकत मागितलं की उत्तर तयार, तुळशीबागेत घेऊ. मुलांना एकेक वस्तू, बजेट ठरलेलं. धाकटीने पितळी भातुकली बघितली आणि तिथंच तिचा जीव अडकला. दुकानदाराने एवढासा पाटा-वरवंटा, एवढीशी चूल, एवढासा बंब एकेक करून तिच्या तळव्यावर ठेवला. आजी, हा साचा आहे का? होता, शेवयांचा साचा होता! करंगळीएवढा. म्हणजे सकाळी काचेमागे असलेली आणि हात लावू नका म्हणून सांगितलेली वस्तू आता तिच्या मुठीत. बजेटच्या बाहेर गेलं ते, पण आजीने कनवटीचे पैसे काढले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोरल्याने भिंग घेतलं. का तर दिवसभर दिसेल ते मोठं करायचं होतं.

जेवण तिथंच एका साध्या हॉटेलात, वरणभात, बटाट्याची भाजी, ताक. बाहेर गेल्यावर मुलांना नवीन काहीतरी खिलवायचा उत्साह त्या दिवशी करू नये एवढंच सांगते. मग परत मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची, पाताळातून जिने चढत चढत वरच्या लाइनला जायचं, सरकते जिने इतके की धाकटीला तेच तिसरं म्युझियम वाटलं, आणि नळ स्टॉपला उतरून रिक्षा. एसी डब्यात धाकटी पंधरा मिनिटं झोपली. त्या पंधरा मिनिटांवर पुढची दुपार निघाली.

जोशींचं रेल्वे म्युझियम बाहेरून बघून वाटणारच नाही की आत काय आहे. एका हॉलमध्ये अख्खं शहर आहे, छोटंसं. भाऊ जोशी यांचा हा छंद, लहानपणापासूनचा, छोट्या गाड्या जमवता जमवता आणि बनवता बनवता त्यांनी शहरच उभं केलं आणि १९९८ च्या १ एप्रिलला म्युझियम म्हणून उघडलं. एप्रिल फूल वाटेल अशी तारीख पण खरंच १ एप्रिल. आधी मॉडेल्स बघायची आणि मग शो, साधारण पंचवीस मिनिटांचा. पंचवीस मिनिटं हा आकडा ज्याने ठरवला त्याला मुलं असणार.

दिवे मंद झाले, वाफेचं इंजिन निघालं, मग एकामागून एक गाड्या, एक वरच्या रुळावरून, एक बोगद्यातून, डोंगरावर चढणारी रेल्वे वेगळीच, रोपवे, सर्कसचा तंबू, उड्डाणपूल, आणि मग अचानक शहरात रात्र होते. सगळं काळोखं आणि मग खिडक्यांतून बारीक बारीक दिवे. धाकटीने श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. थोरला सिग्नल मोजत होता, पासष्ट सिग्नल आहेत असं कळलं होतं आणि त्याला ते तपासायचं होतं, अडतीसपर्यंत गेला आणि एक गाडी आडवी आली आणि चुकलं आणि परत पहिल्यापासून. भिंग काढलं होतं. भिंगातून त्याने स्टेशनवरची माणसं बघितली आणि मला बोलावून दाखवलं.

सासूबाईंना मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, छान आहे, पण गाडीला गर्दी नाही. मुलांना हसू आवरेना. मला वाटलेलं त्यांना इथं कंटाळा येईल, तर त्या उलट म्हणाल्या, एकाच दिवसात दोन माणसं बघितली, दोघांनीही एकच खूळ जन्मभर धरलं आणि घरच्यांनी धरू दिलं. घरच्यांनी धरू दिलं यावर त्यांनी जरा जोर दिला. नवऱ्याकडे बघून. त्याची बासरी मध्यंतरी माळ्यावर गेलीये.

घरी आलो सहा वाजता. कोणी रडलं नाही, कोणी आडवं झालं नाही, म्हणजे मी झाले पण ते घरी सोफ्यावर. पुढचा प्लॅन आता थोरल्यानेच काढलाय, कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल म्युझियम, आणि एकदा आगाखान पॅलेस, पण तिथं गांधीजी आणि कस्तुरबांना १९४२ ते ४४ कोंडून ठेवलं होतं आणि कस्तुरबा तिथंच गेल्या, समाधी आहे, हे सगळं मुलं अजून थोडी मोठी झाली की मगच असं माझं मत. राजाच्या वयाचा प्रश्न एवढ्यात परत नको मला.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी गावी फोन लावला, मोठ्या जाऊबाईंना. स्पीकरवर, कारण त्यांना कानाला धरलेला आवडत नाही.

“अहो, ती वज्री होती बघा न्हाणीतली. मोराची. ती आहे का अजून?”

तिकडून बराच वेळ काही नाही. मग, “ती होय. ती गेली की. मोडीत घातली. भांडीवाला आला होता, ती आणि तो फुटका तांब्या दिला आणि स्टीलचं पातेलं घेतलं. लई वर्षं झाली. का गं?”

“काही नाही. आज बघितली तसली.”

“कुठं?”

“पुण्यात. काचेत ठेवलीय.”

जाऊबाई एवढ्या जोरात हसल्या की स्पीकर फाटला. थोरला अंथरुणातून उठून आला होता, हातात भिंग. “आजी, मग ते पातेलं कुठंय?”

“त्यातलीच तर बासुंदी खाल्लीस की तू दिवाळीला,” जाऊबाई म्हणाल्या.